तीनदा चौथी

भागोजी तांडेलाची राही खाडीत काठ्या रोवून पाणी मोजायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे बंदरावर सगळ्यांना पाठ. बारा वर्षांच्या राहीने महिनाभर काठ्या पाहिल्या आणि सांगितले, "बाबा, बंदरावर ठीक. आपल्या धक्क्याशी पाणी अर्धा तास उशिरा भरतं." भागोजीने तसा हिशेब धरला. त्यानंतर त्याचे गलबत कधी गाळात बसले नाही.

राहीची चौथी झाली. मुलींच्या शाळेत त्यापुढे वर्ग नव्हता. मास्तरीण आनंदीबाई घरी आल्या.

"भागोजी, हिला इंग्रजी शाळेत घाला. तिथे शास्त्र शिकवतात."

"पोरग्यांत एकटी? उद्या हिच्याशी लगीन कोण करील, बाई?"

"मग घरी बसवणार?"

"नाय, नाय. परत चौथीतच बसू दे. तुमच्या नजरेखाली राहील."

"तीच पुस्तकं?"

"पेजेत जरा पाणी वाढवलं, तर काय बिघडतंय?"

"पेज राहत नाही, भागोजी. पाणी राहतं."

भागोजी हसला. आपण पोरीला शाळेतून काढले नाही, याचे त्याला समाधान होते. आपल्यातले पुष्कळ बाप एवढ्यावरच समाधान मानतात.

राही तीनदा चौथीत बसली. धाकट्यांच्या पाट्या पुसल्या, त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले. खाडीतल्या काठ्या कधी वाहून गेल्या, कोणाच्या ध्यानातही आले नाही.

एके सकाळी भागोजी निघायच्या घाईत होता. "बाय, आज अष्टमी. पाणी कधी भरेल?"

"सहाला. आठाची पाऊणपट."

"आणि आपला अर्धा तास?"

"कसला अर्धा तास, बाबा?"

गलबत तसेच ठेवून भागोजी इंग्रजी शाळेत गेला. हेडमास्तरांनी राहीचे वय विचारले आणि नकारार्थी मान हलवली. "इंग्रजी पहिलीत दहा-अकरा वर्षांची मुलं आहेत. तिची वेळ गेली."

परत येताना वाटेत आनंदीबाई भेटल्या. "बाई, चुकलो. पोर शाळेत जातेय, एवढंच बघितलं मी."



संध्याकाळी त्याने स्वतः खाडीत काठी रोवली. राही धक्क्यावर मासे साफ करत होती. तिने एकदा पाहिले. "तिरपी आहे," म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

वाचकहो, मूल शाळेत जाते एवढे पुरत नाही. ती शाळा त्याच्या पुढे आहे की मागे, हे पाहावे, आणि वेळेवर पाहावे. चुकलेली भरती बारा तासांनी परत येते. शिकायची वेळ येत नाही.