सात रस्त्यावरचा झूम

उजनीच्या काठावर चोरून वाळू उपसणाऱ्यांचे फोटो काढताना दिपालीचा मोबाईल लाल टोपीवाल्या मुकादमानं हिसकावून पाण्यात भिरकावला होता. "पुन्हा दिसलीस तर तूबी पाण्यात," असंही तो म्हणाला होता. तरीही आज ती सात रस्ता चौकातल्या दुकानात कॅमेरा घ्यायला आली होती.

"हा फुल-फ्रेम मिररलेस घ्या की ताई. लई साफ फोटो येतोय," दुकानदार म्हणाला. पण लेन्स लावल्यावर ते धूड दुधाच्या किटलीएवढं झालं. एवढं गळ्यात अडकवून काठावर जायचं म्हणजे त्या मेल्यांना आपणच हाक मारायची!

"खिशात मावंल असा दावा."

त्यानं छोटा कॅमेरा दिला. "दारातनं समोरची पाटी बघा. ह्याचा झूम लई लांबचा हाय."

दिपालीनं झूम केला. चौकापलीकडची पाटी जवळ आली. पाटीखालची जीप जवळ आली. जीपला टेकून लाल टोपीवाला उभा होता, आणि सरळ तिच्याकडंच बघत होता.

ती झटकन दारातनं आत सरकली.

"मग, कुठला देऊ ताई?"

"दादा," ती कशीबशी म्हणाली, "दुकानाला मागनं दार हाय का?"