वास न येणारा खड्डा

ट्रेलॉनी परगण्यातल्या आमच्या रमच्या भट्टीत टलक मास्टरांच्या नाकाला चर्चच्या घंटेइतका मान होता. रम गाळून झाली की भांड्याच्या तळाशी काळे, आंबट पाणी उरते. त्याला आम्ही डंडर म्हणतो. ते मागच्या खड्ड्यात सडू द्यायचे आणि पुढच्या आंबवणीत मिसळायचे. आमच्या रमला येणारा पिकल्या अननसाचा सुगंध या सडण्याचीच देणगी. खड्डा जिवंत आहे की मेला, हे मास्टर कठड्यावर ओणवे होऊन, डोळे मिटून ठरवीत.

त्या सकाळी वारा पडला होता. मास्टर वाकले, बराच वेळ तसेच राहिले आणि प्रेताशेजारून उठावे तसे उठले.

"गेला. वासच नाही."

खड्ड्याची देखभाल करणारी त्यांची भाची आयसिल्डा लांब उभी होती. तिथवर पोचलेल्या दुर्गंधीने तिचे डोळे पाझरत होते.

"मामा, आधी मागे या."

"शिडी लाव. तळाशी जिवंत गाळ असेल, मीच उतरून आणतो."

"वास नाही म्हणूनच उतरायचं नाही. सडण्यातून निघणारा वायू आधी नाक मारतो, मग माणूस."

"माझं नाक? अगं, या नाकावर लंडनचे व्यापारी रम घेतात."

"मग त्यांनाच उतरवा."

मास्टर स्वतःच शिडीकडे वळले. आयसिल्डाने ती त्यांच्याआधी उचलली आणि खड्ड्यात ढकलून दिली. काळोखाने ती सावकाश, चवीने गिळली.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," मास्टर म्हणाले.

"बरं. आज आहे ना? चला, बसा तिकडे."

तिने त्यांना फणसाखाली मोकळ्या हवेत बसवले. खूप वेळाने, त्यांचे नाक पुन्हा जागे झाले असेल अशा बेताने, लांब दांड्याच्या डब्याने वरवरचे थोडे डंडर काढले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर धरले. मास्टरांचा चेहरा आक्रसला. ते उठले, झाडाआड गेले आणि ओकले.

"जिवंत आहे," परत येऊन ते म्हणाले. इतकी आनंदाची बातमी इतक्या शोकाकुल स्वरात मी कधी ऐकली नाही.

दुपारी त्यांनी सर्व कामगारांना जमवले. "खड्ड्यात विषारी वायू आहे. एकट्याने कठड्याशी जायचं नाही, आत तर कुणीच उतरायचं नाही. मी हे वासावरून ओळखलं."

कुणी हसले नाही. आयसिल्डा कठड्यापासून बरीच अलीकडे आडवा दोर बांधत होती. गाठ आवळत ती म्हणाली,

"यापुढे दोराच्या अलीकडून ओळखत जा, मामा."