आठव्या दिवसाचा फोटो

नांदेडला पीएचडी करणाऱ्या सुकन्याच्या हातांना तरवडाच्या पाल्याचा वास कायमचा चिकटला होता. पाल्याचा काढा आणि जस्ताच्या क्षाराचं पाणी एकत्र आटवून भट्टीत भाजलं, की झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी मिळे. तिचे कण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नसत. काचेच्या बशीत भुकटीभोवतीचे जंतू साफ मरत. पण बशीतल्या जंतूंवर आता कुणी भुलत नाही, खरी जखम दाखवायला हवी, असं सुकन्याचे गाईड वसंतराव म्हणत.

उदगीरला सुकन्याच्या आईच्या, मल्लम्मा अव्वाच्या, तळपायाला मधुमेहाने जखम झाली होती.

"घरचंच माणूस. परवानगीचे कागद कशाला?" सर म्हणाले. "फक्त दवाखान्याच्या गोळ्या बंद ठेव. नाहीतर गुण कशाचा, ते कळणार कसं?"

"सर, शुगर चारशेच्या घरात असते तिची."

"प्रबंध यंदाच द्यायचाय ना तुला?"

सुकन्याने गोळ्या बंद केल्या आणि भुकटी मलमात कालवली. अव्वाने हौसेने पाय पुढे केला. "लेकीनं केलंय," ती शेजारणींना सांगायची. आठव्या दिवशी जखम वरून सुकली, कडा गुलाबी झाल्या. सुकन्याने फोटो काढून सरांना पाठवला.

तेराव्या दिवशी पाय टम्म सुजला, बोटं काळी पडली. तिने रडत फोन केला.

"दोनच दिवस थांब," सर म्हणाले. "पंधरा दिवसांची नोंद पुरी होऊ दे."

ती थांबली. लातूरच्या सर्जनने अव्वाचा पाय गुडघ्याखाली कापला.

पुढे परिषदेत वसंतरावांनी पडद्यावर आठव्या दिवसाचा फोटो दाखवला. पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "आता पेशंट कशी आहे?"

"हिलाच विचारा. हिच्या आईचाच पाय आहे तो," सर हसून म्हणाले.

सगळ्या माना वळल्या.

"बरी आहे," ती म्हणाली. "चालते-फिरते."

टाळ्या पडल्या.

उदगीरला गेल्यावर तिने अव्वाच्या कापलेल्या पायाची पट्टी सोडली.

"काय म्हनले गं मोठे लोक?"

"औषध लई चांगलं म्हनले."

अव्वाचा आवाज चढला, "म्हंजे गुण आलताच की! मंग त्या सर्जननं उगंच कापला व्हय माझा पाय?"

सुकन्याने नवी पट्टी गुंडाळायला घेतली.

"हाव, अव्वा," ती म्हणाली. "उगंच कापला."