कमरेच्या पट्टीची गाठ

मी एक पट्टी बोलतेय. कापडाची, कमरेला गुंडाळून मागे गाठ मारायची असते ना, तसली. सध्या माळ्यावर आहे, एका गाठोड्याला आवळून. इथे अंधार, धूळ, आणि बोलायला कुणी नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर माझा जन्म झाला. आई लोकांचे कपडे शिवायची. तशी ती लेकीची आई, पण मीही तिला आईच म्हणते. एकुलत्या एका लेकीसाठी तिने डाळिंबी झगा बेतला आणि उरलेल्या लांब तुकड्यातून मला काढलं. पोटात कडक बकरमचं अस्तर भरलं, कडेने टीप मारली आणि झग्याच्या आधी मला इस्त्री केली. एवढा मान कशाला, ते मला मागून कळलं.

लेकीचं अंग सरळसोट. खांदे, कंबर, खालचं अंग, सगळं एका मापात. आईच्या जिवाला त्याचाच घोर. तोंडात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकांना सांगायची, "सरळ अंगाला खांद्यावर फुगा द्यायचा, खाली चुण्या घालून घेर द्यायचा, आणि मधोमध पट्टी आवळायची. कंबर आपोआप दिसते." टाचणी पडायची नाही, शब्दही सांडायचा नाही. थोडक्यात काय, तर नसलेली कंबर लोकांना दाखवायची, हे माझं काम.

लेकीला ते नको असायचं. मी अजून मशीनच्या सुईखाली होते, तेव्हाच दोघींची जुंपली.

"आई, मला एकदा तरी सरळ झगा शिव ना. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मध्ये काही नको."

"त्याला झगा नाही म्हणत बाई, उशीचा अभ्रा म्हणतात."

"मग अभ्रा शिव. मला आवडतो."

"शिवेन गं. जरा अंग भरू दे."

हे 'शिवेन' लेक लहानपणापासून ऐकत होती. अंग काही भरलं नव्हतं.

डाळिंबी झगा आतेबहिणीच्या लग्नासाठी होता. निघताना आई मागे उभी राहिली, "श्वास आत घे" म्हणाली आणि मला असं आवळलं की लेकीच्या बरगड्या मला मोजता आल्या असत्या. लग्नघराच्या दारातच आत्या भेटली.

"वहिनी, यंदा फूटपट्टीला कंबर फुटली की हो!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. बिचारीला बरं वाटलं होतं, शेवटी कुणीतरी कंबर पाहिली म्हणून. पण लेकीने आईला हसताना पाहिलं. आत्याचं तिने मनावर घेतलं नसतं, ती तर नेहमीचीच. आईचं हसणं मात्र लागलं. ती न्हाणीघरात गेली, मला सोडलं, घडी केली आणि बाहेर येऊन आईच्या हातात ठेवली.

"घे. ही तुझीच आहे."

घरी येईपर्यंत मी आईच्या मुठीत होते. पुढे लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती गेली आणि मी शिवणाच्या टोपलीत पडले, बटणं आणि खडूंच्या सोबतीला.

टोपलीतून मी एक पाहिलं, जे दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. एका दुपारी आईने जमिनीवर राखाडी-निळं कापड पसरलं. लेकीची मापं तिला तोंडपाठ. खडूची रेघ काखेच्या खुणेपासून खाली आली आणि कमरेपाशी सवयीने आत वळली. आई थांबली. अंगठ्याने ती रेघ पुसली आणि खालपर्यंत सरळ ओढली. कापून, टाचण्या लावून तिने ते खिडकीशी धरलं.

"हा घे तुझा अभ्रा," ती एकटीच म्हणाली आणि हसली.

लेकीला कळवलं मात्र नाही. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, ही तिची जुनी रीत. शिवून झालं की दाखवू.

शिवून झालंच नाही. आईला पोटाचं दुखणं लागलं. कात्री जड वाटू लागली, पायाने मशीन रेटेना. टाचलेलं कापड घडी होऊन तिच्या गाऊनांच्या मध्ये गेलं. आई भरल्या अंगाची बाई, पण बघता बघता गाऊन तिच्यावर खुंटीला लटकावल्यासारखे दिसायला लागले.

मग लेकीचा फोन आला, रविवारी येते म्हणून. आईने खांद्यावर फुगा असलेला गाऊन काढला. आतून दोन परकर घातले. शेवटी टोपलीतून मला घेतलं. लेकीच्या कमरेला माझा एक वेढा होत असे. आईला दोन वेढे देऊनही माझी टोकं लोंबत राहिली.

लेक दारातच थबकली.

"आई, पट्टी कशाला बांधलीस?"

"अशीच. गाऊन जरा ढगळ झालाय."

"खांद्यावर फुगा, खाली घेर, मध्ये पट्टी. मला फसवतेस होय गं? मला?"

लेक खाली बसली, मागे हात घालून तिने गाठ सोडली. गाऊन खांद्यावरून घसरला आणि आतली हाडं दिसली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "एवढं काय त्यात? जरा अंग भरलं की..."

दोघींनाही ते शब्द ओळखीचे होते.

अंग भरलं नाही. लेक रजा टाकून शेवटपर्यंत राहिली. एकदा आई म्हणाली, "बरी झाले की तुला एक गंमत दाखवायचीय." लेकीने मान हलवली. आजारी माणसाला कुणी उलट विचारत नाही.

आई गेल्यावर लेकीने कपाटातला गाऊनांचा गठ्ठा न बघताच कवेत उचलला, चादरीत टाकला आणि वरून मला बांधलं. आत्या म्हणाली, "वाटून टाक गं, कुणाच्या तरी अंगाला येतील." लेक म्हणाली, "नाही येणार."

आता ती इथे बदली घेऊन याच घरात राहते. माळ्यावरून मला आरसा दिसतो. सकाळी कामावर जाताना ती खांद्यावर फुगे असलेला सदरा घालते, श्वास आत घेते आणि कातडी पट्टा आवळते. आई सांगायची अगदी तस्सं. पाहवत नाही मला.

पोरी, तुझा सरळ झगा इथे आहे. माझ्या पोटाखाली, आईच्या दोन गाऊनांच्या मध्ये. दोन्ही बाजूंच्या शिवणी तेवढ्या राहिल्यात, त्या तुलाही मारता येतील. टाचण्या गंजायला लागल्यात. कापडाला डाग पडायच्या आत एकदा शिडी लाव. आत्याला पाठवू नकोस, तिला ही गाठ सुटायची नाही. तूच मारलीस, पण आईच्या पद्धतीची गाठ आहे. न्हाणीघरात एकटीने सोडली होतीस ना, तशीच सोड.