मागच्या खोलीतली गोटी

माझा एक हट्ट आहे. गिऱ्हाइकाने विकत घ्यायला काढलेलं घर तपासलं की अहवाल त्याच घरात बसून लिहायचा आणि पाठवूनच बाहेर पडायचं. आमच्या धंद्यातले बाकीचे लोक फोटो काढतात, घरी जातात, जेवतात, ताणून देतात आणि दुसऱ्या दिवशी आठवून आठवून लिहितात. मला ते जमत नाही. कुणाचे दोष सांगायचे तर तोंडावर सांगावेत, मग तो माणूस असो नाहीतर स्वयंपाकघर. पाठीमागे बोलायला लागलं की माणूस एकतर मीठमसाला लावतो, नाहीतर भीड ठेवतो.

म्हणून माझ्या पिशवीत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि भिंतीतली ओल मोजायचं यंत्र यांच्या जोडीला एक घडीचं स्टूल असतं. रिकाम्या घरात ते मांडायचं, टॅब मांडीवर घ्यायचा आणि एकेका खोलीपुढे रंग भरायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे दुरुस्ती करून घ्या. तांबडा म्हणजे लांबून हात जोडा आणि दुसरं घर बघा. खाली चार ओळी लिहायच्या, 'पाठवा' दाबायचं, की अहवाल गिऱ्हाइकाच्या फोनवर.

एक प्रत आमच्या ह्यांना जाते. हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. मी घरांच्या चुका काढते, हे माझ्या. मी फाटकाबाहेर पडते न पडते तोच ह्यांचा फोन. "अगं, बाथरूमचा फोटो जिन्याखाली गेलाय." "अहो, जिना पडायला आलाय आणि तुम्हाला फोटो दिसतो!" असं खेकसते मी, पण चूक असतेच. मुकाट्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवते.

पिशवीत आणखी एक वस्तू असते. काचेची निळी गोटी, एका बाजूला टवका उडालेली. ती माझ्या लेकीची. लहानपणी तिला कुणाकडे ठेवायची सोय नव्हती, तेव्हा कामावर बरोबर न्यायची. पोरगी नुसती भुणभुण लावायची. शेवटी एक दिवस वैतागून तिला कामाला लावलं. प्रत्येक खोलीत गोटी जमिनीवर ठेवायची आणि ओरडून सांगायचं. "आई, थांबली!" म्हणजे फरशी सपाट. "आई, पळाली!" म्हणजे उतार आहे, मी पट्टी घेऊन धावणार. हळूहळू तिला दारं कळायला लागली, भिंती कळायला लागल्या. मला वाटायचं, माझ्यामागे ही धंदा चालवेल. मी काय, कशाचीही स्वप्नं बघते.

ती लग्न होऊन लांब गेली. इतकी लांब, की ती सकाळी उठते तेव्हा आमची दुपारची जेवणं उरकलेली असतात. नात तिकडेच झाली. नात मला ओळखते, पण फोनच्या पडद्यावर मावते तेवढीच, खांद्यापासून वर. एकदा बोलता बोलता मी उभी राहिले तर म्हणाली, "अय्या आजी, तुला पाय आहेत?" आम्ही पोट धरून हसलो. हे हसत हसत उठून गच्चीवर गेले, ते बराच वेळ खाली आलेच नाहीत.

आणि या वर्षी जावईबापूंना इकडच्या ऑफिसात जागा मिळत होती! पण ते पक्के सावध. आधी घर ठरू दे, मग होकार. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर तिकडच्या नव्या कामावर सही, आणि ते काम म्हणजे नात कॉलेजात जाईपर्यंतची निश्चिंती. महिनोन्महिने घरं शोधून झाली. एक परवडेना, एक शाळेपासून लांब, एकाचे कागद धड नाहीत. शेवटी एक सगळ्यात बसलं, तेही आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ. लेक म्हणाली, "आई, तूच तपास. पण परक्याचं तपासतेस तसं तपास हं." मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस."

त्या दिवशी सकाळी मी निघाले तर ह्यांनी माळ्यावरून लेकीची लहानपणची खुर्ची काढलेली, वर्तमानपत्रावर ठेवून तिला रंग देत बसलेले.

"अहो, अहवाल तर होऊ द्या आधी!"

"तू तुझं काम कर. रंग वाळायला वेळ लागतो," म्हणाले.

घराच्या दारात दलाल उभा होता. दात पांढरे आणि बूट त्याहून पांढरे. "या ताई, या. घर म्हणजे नुसतं सोनं आहे." मी म्हटलं, "बघू किती कॅरेटचं ते," आणि शिडी लावून छपरावर चढले.

खरं सांगते, आजवर मी कुठल्याच घराची बाजू घेतली नव्हती. त्या दिवशी मी घराच्या बाजूने होते. छप्पर ठणठणीत निघालं तेव्हा कौलांवरून हात फिरवला मी. विजेच्या तारा नव्या, हिरवा. खिडक्या हिरव्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याला पिवळा. नळ काय, कुणाचाही गळतो. पुढच्या दाराला एक रुंद पायरी होती. शाळेला उशीर होत असताना नात इथे बसून बुटांच्या नाड्या बांधेल आणि मी पाठीमागून ओरडेन, असं सगळं मला दिसायला लागलं. पायरीच्या नोंदीत मी 'सुरेख' लिहिलं. मग खोडलं. अहवालात सुरेख कोण लिहितं?

शेवटी मागची खोली. मूळ घराला ही मागाहून जोडलेली. मोठी खिडकी, बाहेर झाड. फोटोत बघूनच नातीने सांगून टाकलं होतं, ही माझी.

मी दार लावून बघितलं. अगदी अलगद लागलं. जुन्या घरातलं दार इतकं गुणी कसं, म्हणून मी स्टुलावर चढून वरची कड बघितली. एका बाजूने तासलेली होती. जमीन खचली की चौकट तिरकी होते, दार अडायला लागतं. लोक चौकटीकडे बघत नाहीत, दार तासून मोकळे होतात.

भिंतींना ताजा रंग होता आणि एका भिंतीला लावून कपाट. मी कपाटाला खांदा लावला.

"ताई, ते कशाला आता?" दलाल पुढे आला.

कपाटामागे, जुनं घर आणि नवी खोली जिथे जोडली होती तिथे, जुना तडा भरून वर रंग दिला होता. आणि त्या ताज्या रंगातसुद्धा केसाएवढी रेघ उमटली होती, विटांच्या सांध्यांवरून जिन्यासारखी वर चढत गेलेली. खचणं थांबलं असतं तर नवा रंग फुटला नसता. खोली अजून खाली चालली होती. बाहेर जाऊन बघितलं तर छपराच्या पाण्याचा पाइप थेट भिंतीच्या पायाशी सोडलेला. स्क्रू ड्रायव्हर जमिनीला टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

"घर म्हटलं की थोडं बसतंच हो," दलाल म्हणाला. "तुमच्याच लेकीचं ना? पिवळा टाका की. राहायला आल्यावर सावकाश बघता येईल."

"तुम्ही बाहेर जा आणि बूट पुसा," मी म्हटलं. तो गेला.

मी त्याच खोलीत स्टूल मांडलं. बाकी सगळे रंग भरून झाले होते. या एका खोलीपुढे चौकोन रिकामा. तांबडा टाकला की जावईबापू दुसऱ्या मिनिटाला तिकडे सही करणार, हे मला माहीत होतं.

मी पिवळा दाबला. लिहिलं, 'मागची खोली थोडी खचलेली आहे.' पाया भक्कम करून घेता येतो की. मी जवळच आहे, रोज येऊन बघेन. नातीला पुढच्या खोलीत झोपवू. एवढी वर्षं लोकांना तोंडावर नाही म्हणत आले, एकदा माझ्यासाठी हो म्हटलं तर काय आभाळ कोसळणार आहे? असं मनाशी घोकत होते आणि बोट 'पाठवा'वर जात नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नात, विस्कटलेले केस, मागे तिची आई कंगवा घेऊन.

"आजी! ही माझी खोली?"

"हो गं बबडे."

"मग गोटी टाक ना! आई म्हणते तिची गोटी तुझ्याकडे आहे."

गोटी घरी राहिली, हे अगदी ओठांवर आलं होतं. बाहेरच्या खोलीत जाऊन टाकली असती तरी पोरीला काय कळणार होतं? पण इतक्या वर्षांत नातीने मागितलेलं काहीच मला देता आलं नव्हतं. दूध मागितलं, गोष्ट ऐकताना मांडी मागितली, पडली तेव्हा फुंकर मागितली. सगळं मी इथून तोंडाने दिलं. पहिल्यांदा ती असं काही मागत होती जे माझ्या पिशवीत होतं. मी फोन खाली धरला आणि गोटी फरशीवर ठेवली.

ती क्षणभर थांबली. मग निघाली, आणि सरळ जाऊन कपाटाच्या भिंतीवर टक् करून आपटली.

"आई, पळाली!" नात टाळ्या पिटत ओरडली. "आपोआप पळाली! आजी, पुन्हा!"

कंगवा थांबला. लेकीचा चेहरा पडद्याजवळ आला.

"आई, दार बघितलंस?"

"तासलंय."

"वरून?"

"वरून."

"रंग?"

"ताजा आहे. त्यातही रेघ आलीय."

तिने ओठ घट्ट मिटले. लहानपणी रडू आवरताना मिटायची, तसेच.

"तू काय टाकलंस?"

मी मांडीवरचा टॅब पालथा घातला.

"आई."

"पिवळा."

नात मध्येच, "आजी, पुन्हा टाक ना गं!"

"तांबडा कर," लेक म्हणाली.

"अगं, मी रोज येऊन बघेन. पाया भरून घेऊ आपण."

"आई, ही तिथे झोपणार होती." तिचा आवाज फुटला. "मला नाही का यायचं? मी मनातल्या मनात सामानसुद्धा बांधलं होतं गं. पण तांबडा कर."

मी रडले. लपवलं नाही. म्हटलं, "मला तुम्ही इथे हव्या आहात. मला तुझ्यावर रोज ओरडायचंय. हिला कडेवर घ्यायचंय, ती जड व्हायच्या आत." तीही रडत होती. नात कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मग मी डोळे पुसले, गोटी उचलली आणि तिने मागितलं म्हणून आणखी एकदा टाकली. पुन्हा पळाली. पुन्हा टाळ्या.

फोन ठेवल्यावर पिवळा काढून तांबडा टाकला. 'थोडी' खोडलं. दाराचा, रेघेचा, पाइपचा फोटो जागच्या जागी लावला आणि त्याच स्टुलावर बसून 'पाठवा' दाबलं.

घरी चालत निघाले. वाटेत ह्यांचा फोन येईल म्हणून मोबाइल हातातच धरला होता. आला नाही.

हे ओट्यावर बसले होते. चष्मा कपाळावर, मोबाइल मांडीवर. शेजारी वर्तमानपत्रावर खुर्ची, छान हिरवी रंगवलेली.

"वाचलात?" मी विचारलं.

"तीनदा."

"मग फोन नाही केलात?"

"एकही चूक सापडली नाही." त्यांनी खुर्चीला बोट लावून बघितलं. रंग वाळला होता. "आज तरी एखादी करायची होतीस गं."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले.

"केली होती," म्हटलं. "तुमच्या लेकीने काढली."