नऊ शब्दांवरची लाल रेघ

मित्रांनो, तुमच्या करंगळीएवढीही उरलेली नाही अशी मी एक जुनी पेन्सिल आहे. माझे एक टोक लाल आणि दुसरे निळे. सध्या माझा मुक्काम एका सिस्टरच्या पर्समध्ये, गाठ मारलेल्या हातरुमालात असतो. ती मला वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. पेन्सिलीला कुठला आला हात, असे म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण ज्या हातात मी होते तो हात आता राहिला नाही, म्हणून हे सांगायचे काम माझ्याकडे आले.

माझा जन्म कारखान्यात झाला. खाच पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये अर्धी लाल आणि अर्धी निळी रंगाची कांडी, वर सरस आणि मग असा काही दाब, की अजून आठवले तरी अंग आखडते. तेव्हा मी चांगली वीतभर होते आणि बाराजणींच्या डब्यात मिरवत होते. आमचा डबा एका छापखान्यात गेला. तिथे छापण्याआधीचे कागद तपासणारे एक काका होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गुडघे कायम कुरकुरणारे आणि नजर अशी की उडत्या माशीचे पाय मोजतील. माझ्या अकरा बहिणी त्यांच्या हातात झिजून संपल्या. माझी पाळी आली आणि छापखानाच बंद पडला. काकांनी मला सदऱ्याच्या खिशात घातले आणि घरी आणले.

घरी बसून त्यांना चैन पडेना. मग ते एका लेखकमंडळात जाऊ लागले. लेखक म्हणजे आपले हौशी हो. छापून कोणाचे काही आले नव्हते, पण लिहिण्याचे वेड भारी. एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता. शनिवारी दुपारी क्लासला सुट्टी असे, तेव्हा क्लासच्या बाई मशिनांवर कापडी टोप्या चढवून खोली मंडळाला देत. बाई स्वतःही लिहीत. एक हॉस्पिटलातली सिस्टर येई, दोन-चार जण येऊन जाऊन असत. आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री येई. त्याला सगळे ‘वरखाली’ म्हणत. तोही त्या नावाला ओ देई.

वाचनालयाची दरवर्षी स्पर्धा असे, शंभर शब्दांत गोष्ट. एकशे एकावा शब्द निघाला की कागद बाद. म्हणून मंडळाने एक रीत पाडली होती. गोष्ट वाचून झाली की कागद आणि मी, आम्ही दोघे एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचो. आवडले त्याखाली निळी रेघ, जास्तीचे वाटले त्यावर लाल रेघ. शेवटी काका शब्द मोजायचे. आणखी एक खूण त्यांनी सगळ्यांना शिकवली होती. खोडलेले शब्द पुन्हा हवेसे वाटले, तर त्यांच्याखाली ठिपके द्यायचे.

“ठिपके म्हणजे काय?” काका विचारायचे.

“राहू द्या!” सगळे एका सुरात ओरडायचे.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मंडळात कोणी कोणाला टोचून बोलत नसे. निळे टोक लालपेक्षा लवकर झिजत होते, यातच काय ते समजा.

मंडळाचा एक नियमही होता. वाचणाऱ्याने ‘हे खरं आहे का’ असे विचारायचे नाही आणि लिहिणाऱ्याने गोष्ट उलगडून सांगायची नाही. त्यामागे कारण होते. सिस्टरने एकदा लांब बाह्यांचे पोलके घालणाऱ्या बाईची गोष्ट लिहिली होती. ऐन उन्हाळ्यातही त्या बाह्या कोपराच्या वर जात नसत. गोष्ट ऐकून एका सभासदाने पटकन विचारले, “हे तुमच्या घरचं का हो?” सिस्टर उठली ती निघूनच गेली. महिनाभर फिरकली नाही. मग काकांनी हा नियम केला, स्वतः जाऊन तिला निरोप दिला, आणि ती परत आली. नियम मायेने केलेला होता, हे मी शपथेवर सांगेन.

त्या वर्षी वरखालीने गोष्ट आणली. नेहमी तो विनोदी लिही. ही तशी नव्हती. एक मिस्त्री दर महिन्याला लिफ्टच्या तपासणीच्या कार्डावर ‘ठीक’ लिहून सही करतो. तारेच्या दोरातल्या तुटलेल्या तारा तो मोजतो. आधी तीन, मग सात, मग बारा. साहेब म्हणतो, सही कर. मिस्त्री सही करतो आणि जिन्याने खाली उतरतो.

मग कौतुकाचा पाऊस पडला. बाईंनी “जिन्याने उतरतो” याखाली दोनदा निळी रेघ ओढली. सिस्टर म्हणाली, “अंगावर काटा आला रे.”

काकांनी शब्द मोजले. एकशे नऊ. नऊ कमी करायला हवे होते. गोष्टीत एक वाक्य होते, ‘त्या लिफ्टच्या आरशाला खाली डाव्या कोपऱ्यात तडा गेला आहे.’

“हा आपल्या इमारतीतलाच आरसा उचललाय गड्याने!” काका हसून म्हणाले. “लेखकाचे डोळे असे उघडे हवेत. पण बाळा, हे वाक्य काढू या. इतकी नेमकी खूण दिली की गोष्ट एका लिफ्टची होते. वाचणाऱ्याला ती कुठलीही लिफ्ट वाटली पाहिजे. आणि बघ, बरोबर नऊ शब्द.”

“काका, तेवढं राहू द्या ना,” वरखाली म्हणाला.

“का रे?”

वरखालीने तोंड उघडले, सगळ्यांकडे पाहिले आणि मिटले. बाई त्याला चिडवत म्हणाल्या, “नियम हं! उलगडून सांगायचं नाही.”

काकांनी मला लाल टोकाकडून धरले आणि ती रेघ ओढली. सरळ, पट्टीने आखावी तशी. मी कुरकुर केली नाही. उलट इतकी सुंदर रेघ आली म्हणून मनातल्या मनात खूश झाले. ही गोष्ट मला अजून खाते.

त्यानंतरच्या शनिवारांत वरखालीचे वागणे विचित्रच होते. तो स्वतः कधी लिफ्टने येत नसे. सगळे त्याची थट्टा करत, “हलवायाला मिठाई नको, तसं तुझं झालंय!” तो हसायचा आणि जिन्यापाशी उभा राहून प्रत्येकाला म्हणायचा, “चला की जिन्याने, तेवढाच व्यायाम.” दोनदा त्याने लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ अशी पाटी लावली. दोन्ही वेळा इमारतीच्या मॅनेजरने ती काढून फेकली आणि त्याच्या साहेबाकडे तक्रार केली. हे सगळे आमच्या डोळ्यांदेखत चालले होते. गोष्टींतले बारकावे टिपणारी इतकी हुशार माणसे, पण ही एवढी मोठी गोष्ट कोणाच्या नजरेत आली नाही.

निकालाच्या दिवशी काका वाचनालयातून थेट आले. त्यांच्या खिशात मी होते आणि माझ्याशेजारी घडी घातलेला निकालाचा कागद. वरखालीचा पहिला नंबर आला होता. तो खाली जिन्यापाशीच भेटला.

“काका, आज जिन्याने चला.”

“चार मजले? माझे गुडघे काय म्हणतील?”

“मी पाठीवर घेतो तुम्हाला. खरंच घेतो.”

“अरे वेड्या, आज मीच तुला खांद्यावर घ्यायला हवं. वर ये, म्हणजे सांगतो का ते.” काकांनी लिफ्टचे जाळीचे दार सरकवले आणि आत पाऊल टाकले.

“काका, ती गोष्ट... ती गोष्ट खरी...”

काकांनी हसत ओठांवर बोट ठेवले. “नियम,” ते म्हणाले, आणि दार ओढून घेतले.

वरखाली जिन्याने वर धावत सुटला. लिफ्ट वर जाताना प्रत्येक मजल्यावर त्याच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता. तिसरा मजला गेला. मग डोक्यावर काहीतरी सटकल्याचा आवाज झाला, लिफ्ट एका बाजूला कलली, आणि आम्ही खाली जाऊ लागलो. पडती लिफ्ट धरून ठेवणारा ब्रेकही झिजलेला होता, हे पुढे चौकशीत कळले. काकांनी एक हात खिशावर दाबून धरला होता. त्यापुढचे मला सांगवत नाही.

काका तीन दिवस होते. सिस्टरच्याच हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात. कमरेखाली काहीच हलत नव्हते, पण शुद्ध होती. दुसऱ्या दिवशी वरखाली आला. त्याने आणलेला कागद सिस्टरला दाखवला. तोच कागद, एकशे नऊ शब्दांचा, माझ्या रेघेसकट.

“साहेब म्हणाला, सही तुझी आहे, बोंब मारलीस तर आधी तूच आत जाशील,” तो खाली मान घालून बोलत होता. “माझी हिंमत झाली नाही, काका. मला वाटलं, लिहिलं की कोणीतरी विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी आता पोलिसांकडे चाललोय.”

काका म्हणाले, “सांगायला हवं होतंस.” मग कागदावरच्या लाल रेघेकडे बघून म्हणाले, “आणि मी विचारायला हवं होतं.” मग त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला.

त्यांच्या खिशातून काढून ठेवलेली मी सिस्टरजवळच होते. तिने मला तासले. टोक गळून पडले. पुन्हा तासले, पुन्हा गळाले. मित्रांनो, वरून मी धडधाकट दिसत होते, पण त्या पडण्यात माझी आतली कांडी जागोजाग तुटली होती. शेवटी सिस्टरने सुटे झालेले लाल टोक माझ्या तोंडात बसवले आणि आपल्या बोटाने दाबून धरले. तिच्या बोटावर काकांचे बोट, असे आम्ही तिघांनी त्या नऊ शब्दांखाली ठिपके द्यायला सुरुवात केली. ‘त्या’ खाली एक. ‘लिफ्टच्या’ खाली एक. ‘आरशाला’ खाली एक. मग काकांचा हात चादरीवर पडला.

तिसऱ्या दिवशी काका गेले. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो कागद पुढे ठेवून वरखालीला विचारले, “हे तुला माहीत होतं, मग कोणाला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “लिहिलं होतं, साहेब. सगळ्यांना आवडलं होतं.” तो आणि त्याचा साहेब दोघेही तुरुंगात गेले. बक्षीस न्यायला कोणी गेले नाही.

चार महिने मंडळ भरले नाही. मग एका शनिवारी बाईंनी सगळ्यांना आपल्या तळमजल्यावरच्या घरी बोलावले. जेमतेम चौघे आले. सिस्टरने मला रुमालातून काढून टेबलावर ठेवले आणि एक गोष्ट वाचली. तीच लांब बाह्यांची बाई. या वेळी तिच्या गळ्याभोवती रुमालही होता. वाचून झाल्यावर सिस्टरने सवयीने कागद बाईंकडे सरकवला आणि मला त्याच्यावर ठेवले.

बाईंनी मला बाजूला सारले. कागदही बाजूला सारला. त्या सिस्टरच्या गळ्याकडे बघत होत्या. तिथे रुमाल होता.

“हे तुझ्या घरचं का ग?” बाईंनी विचारले.

मला वाटले, सिस्टर आता उठते आणि जाते.

“हो,” ती म्हणाली.

“मग आज तिकडे जायचं नाही. इथेच राहा.” बाई उठल्या आणि आतल्या खोलीत तिच्यासाठी अंथरूण घालू लागल्या.

मित्रांनो, कोणी चार ओळी लिहून तुमच्यापुढे ठेवल्या, तर कौतुक जरूर करा, चुकाही दाखवा. पण पेन्सिल उचलण्याआधी लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघा, आणि विचारायची लाज बाळगू नका. पेन्सिली पुष्कळ मिळतात. त्या संध्याकाळी मी टेबलाच्या कडेला तशीच पडून होते. कोणी मला हात लावला नाही, आणि वापराविना पडून राहण्याचा मला जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला.