डेलबर्टचं मडगार्ड

माझी शर्यतीची गाडी सरळ सुटत नव्हती आणि ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. हिरवा दिवा लागला की तिचं ढुंगण उजवीकडे सरकायचं आणि मी शेजारच्याच्या पट्ट्यात घुसायला निघायचे. दिव्यांपाशी उभा राहून शर्यत सोडणारा ड्युई क्रँट्झ तोंडाचा फटकळ. खिडकीत वाकून म्हणाला, "वानिटा, रविवारी हंगामातली शेवटची शर्यत. परत अशी तिरकी सुटलीस तर पुढच्या वर्षी गेटावरूनच घरी पाठवीन."

मुलं मोठी होईपर्यंत मी त्या शर्यतीच्या पट्टीवर नुसते हॉट डॉग विकले होते. आता कुठे स्टिअरिंग हातात आलं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

मागचा ॲक्सल माझ्या नवऱ्याने, डेलबर्टने, हिवाळ्यात भंगारातून आणला होता. स्प्रिंगच्या पाट्यांवर तो जिथे टेकतो त्या बैठका त्यानेच वेल्ड केल्या होत्या.

"मी मोजूनच लावलाय," तो म्हणाला. "टायर आणि मडगार्डात दोन्हीकडे बोटभर जागा. घाल बोट."

घातलं. सारखी होती. पण डावं मडगार्ड एकदा झाडावर आपटून आत गेलेलं. डेलबर्टने ते ठोकून, पुट्टी भरून, रंगवून असं काढलं की शेजारपाजारचे बघायला आले. तेव्हापासून तो कुणालाही हात धरून तिथे नेतो.

"मडगार्ड सोड. चासीवरून मोजू."

"चासी कोण बघतं? लोक मडगार्ड बघतात."

"गाडी काय मडगार्डावर चालते?"

तो फुगून कॉफी ओतायला गेला. मी गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी केली. जॅकवर टांगली की पाटे लोंबतात आणि माप खोटं येतं. दोन्ही पाट्यांच्या पुढच्या बोल्टांवरून ओळंबा सोडला, ॲक्सलच्या दोन्ही टोकांवरून सोडला, आणि जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप तिरपी धरायला दुसरं माणूस हवं होतं.

"डेलबर्ट, टोक धर."

धरलं, माझ्याकडे न बघता. एक तिरपं माप दुसऱ्यापेक्षा अंगठाभर जास्त निघालं.

"ढिली धरलीस तू," तो म्हणाला.

परत धरली. तेवढंच. मग त्याने माझ्या हातातलं टोक घेतलं आणि आपलं मला दिलं. तेवढंच. म्हणजे सगळा ॲक्सलच उजवीकडे सरकलेला होता. वाकड्या मडगार्डाशी त्याने तो इमानेइतबारे जुळवला होता.

डेलबर्टने खडूच्या खुणांवरून बोट फिरवलं. मला वाईट वाटलं, पण ते मी गिळलं आणि ग्राइंडर उचलला. गाडी उचलून बैठका कापल्या. त्याने माझ्या नव्या खुणांवर ॲक्सल धरला, मी वेल्डिंग केलं. गार झाल्यावर यू-बोल्ट आवळले, गाडी चाकांवर उतरवली आणि परत मोजलं. दोन्ही तिरपी मापं सारखी.

पण डावं टायर आता मडगार्डाला घासत होतं.

"ॲक्सल जरा उजवीकडे घेऊ," तो म्हणाला. "अगदी जरासा."

"नाही."

"मग मडगार्डाची कड कापावी लागेल."

"लागेल."

तो घरात गेला. मी आंघोळ करून निजले.

रविवारी सकाळी ग्राइंडरच्या आवाजाने जाग आली. डेलबर्ट गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने ती कड कापत होता. रंगाचे आणि पुट्टीचे टवके त्याच्या मिशीत अडकले होते. मी कॉफी नेऊन दिली. तो हसला नाही, पण कप घेतला.

पट्टीवर गाड्या रांगेत उभ्या राहताच ड्युईने माझ्या गाडीभोवती फेरी मारली. "वानिटा, तुझं एक टायर बाहेर आलंय. मागून गाडी वाकडी दिसते. ॲक्सल कुणी लावला?"

लोक हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात डेलबर्ट पुढे आला.

"ॲक्सल हिने लावलाय. तो सरळ आहे," तो म्हणाला. "वाकडं मडगार्ड आहे. ते माझं."

हिरवा दिवा लागला. मी पाय दाबला आणि स्टिअरिंग मला कुठेच वळवावं लागलं नाही.